फेजिंग
एकच लयबंध दोन वादक वाजवत असताना त्यांपैकी एकाने क्रमाक्रमाने पुढे सरकण्याचे मिनिमलिस्ट संगीतातील तंत्र. स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराला ते १९६५ मध्ये दोन टेपरेकॉर्डरांच्या किंचित भिन्न गतींतून गवसले. त्याच्या ‘क्लॅपिंग म्यूझिक’मध्ये (१९७२) १२ मात्रांत ८ टाळ्या व ४ विराम येतात. एक वादक स्थिर राहतो. दुसरा ठरावीक आवर्तनांनंतर एकेक मात्रा सरकतो व बाराव्या सरकण्याला दोघे पुन्हा जुळतात. ऐकताना कान स्थिर वादकावर ठेवल्यास सरकणे स्पष्ट कळते. याच्या तुलनेत वारकरी भजनात टाळकरी ठेका धरून ठेवतात (पहा : भजनी ठेका) आणि पखवाज तिहाई घेऊन समेवर येतो (पहा : तिहाई). तेथे सम सर्वांची एकच असते. फेजिंगमध्ये मात्र ती दोघांची वेगवेगळी पडते, आणि एकट्याने कोणीच न वाजवलेले लयबंध ऐकू येतात.