चारशे चार पॅरिशांची मोजणी

इंग्लंडच्या सामाजिक आणि स्थानिक इतिहासाचा अभ्यास चाळिशी-साठीनंतर करणाऱ्यांबद्दल एक मत फार पक्के झाले आहे. हा निवृत्तीनंतरचा विरंगुळा, म्हणतात. स्वतःची वंशावळ आणि गावचे चर्च यांपलीकडे त्याची धाव नाही, खरे संशोधन विद्यापीठात होते आणि प्रौढांसाठीच्या या वर्गांत ते सोपे करून सांगितले जाते. मला हे मत साफ चुकीचे वाटते.

हौशी अभ्यासकांच्या चुका होतात, हा पूर्वपक्षातला सगळ्यात सबळ मुद्दा. चर्चच्या नोंदवहीत एका मुलाचा बाप्तिस्मा मे १६६५ मध्ये आणि दफन फेब्रुवारी १६६५ मध्ये दिसले, की नवखा वाचक ही दोन वेगळी मुले धरून मोकळा होतो. पण इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी कायद्याचे नवे वर्ष २५ मार्चला लागे. म्हणजे तो फेब्रुवारी मे महिन्यानंतरचा. मूल एकच, जेमतेम नऊ महिन्यांचे होऊन गेलेले. हे कुणीतरी शिकवावेच लागते. मात्र विशीतल्या पदवीच्या विद्यार्थ्यालाही ते तसेच शिकवावे लागते, आणि त्या काळचे वळणदार हस्ताक्षर दोघांनाही सारखेच छळते. मोडी शिकलेल्यांना हे सांगायला नको.

आता संशोधनाचे पाहू. राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या १५३८ च्या हुकुमाने पॅरिशमधले, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतले, बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने नोंदवली जाऊ लागली. १९६४ मध्ये केंब्रिजला पीटर लॅस्लेट आणि टोनी रिग्ली यांनी लोकसंख्येच्या इतिहासाचा अभ्यासगट उभा केला. पण गावोगावच्या वह्या उघडून महिन्यामहिन्याची बेरीज करणार कोण? ते काम स्थानिक इतिहासाच्या हौशी अभ्यासकांनी विनामोबदला केले. ४०४ पॅरिशांच्या त्या आकड्यांवर रिग्ली आणि त्यांचे सहकारी स्कोफिल्ड यांचा १९८१ चा ग्रंथ उभा आहे. अठराव्या शतकात इंग्लंडची लोकसंख्या वाढली ती मुख्यतः मृत्यू घटल्यामुळे, असे अनेक जण मानत. या मोजणीतून निघाले की लग्ने लवकर होऊ लागली, जन्म वाढले, आणि हेच अधिक मोठे कारण होते. एकेका गावापुरती म्हणून हिणवलेली नजर देशाचा इतिहास बदलून गेली.

शिकवणाराही या वर्गांत शिकतो. इतिहासकार आर. एच. टॉनी १९०८ पासून रॉचडेल आणि लाँगटन इथे कामगारांचे वर्ग घेत. शेतजमिनीच्या प्रश्नावरच्या १९१२ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी त्या वर्गांतल्या विणकरांचे, खाणकामगारांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे.

तेव्हा असा अभ्यासक्रम निवडताना पदवी मिळेल का, हे नंतर विचारा. मूळ नोंदी वाचायला मिळतील का, हे आधी विचारा. उत्तर ‘नाही’ आले, तर दुसरा वर्ग शोधा.