खत, पावती आणि घरची वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजारपेठेत नव्या वह्यांची पूजा होते. लाल कापडी बांधणी, पहिल्या पानावर 'श्री', हळदकुंकू, लाह्या-बत्तासे. लहानपणी मला ते पाहायला फार आवडे. आमच्या घरी मात्र पूजेला वही नसे. आमची वही कोपऱ्यावरच्या वाण्याकडे असे. साखर, चहापूड, रॉकेल आणायला मी जाई, तो वहीत काहीतरी लिही, आणि महिनाअखेर सांगेल तो आकडा वडील निमूटपणे देत. पैसे पुरले नाहीत तर बाकी पुढच्या पानावर जाई. वाणी भला माणूस होता. पण त्या वहीत काय लिहिले आहे, हे आमच्यापैकी कोणी कधी पाहिले नव्हते.

पुढे २०११ साली मी स्वतः कर्जात अडकलो. दोन क्रेडिट कार्डे, एक वैयक्तिक कर्ज, पतसंस्थेचा हप्ता आणि मित्राचे हातउसने. पगार कारकुनाचा. घरातल्या आकड्यांपासून पळ काढायचा म्हणून मी सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयात जाऊन जुने सरकारी अहवाल वाचत बसे. इतिहासाचे माझे शिक्षण हे एवढेच. त्यात एकदा १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल हाती लागला.

१२ मे १८७५. तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातले सुपे गाव, बाजाराचा दिवस. आसपासच्या रयतेने सावकारांची घरे आणि दुकाने लुटली. ते लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. आदल्या डिसेंबरातच शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारावर बहिष्कार टाकला होता. या दंग्यांत एक गोष्ट ठिकठिकाणी दिसते. लोकांना हवे होते ते कागद. जिथे सावकाराने खते आणि हुकूमनामे काढून दिले, तिथे बहुधा त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. कागद हाती आले की त्यांची होळी होई.

कागदांवर एवढा राग का, हे समजायला थोडा हिशेब करावा लागतो. आपल्याकडे 'दामदुपट' हा जुना नियम होता. एका वेळी वसूल करायचे थकलेले व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. शंभराचे फार तर दोनशे. पण १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताचे आयुष्य ३ वर्षांवर आणले. हेतू ऋणकोच्या भल्याचा होता. झाले उलटेच. मुदत संपत आली की सावकार दावा लावण्याची भीती घाली आणि रयत नवे खत करून देई. त्या नव्या खतात जुने व्याज मुद्दल होऊन बसे.

दरमहा दरशेकडा २ रुपये व्याज धरा. १०० रुपयांचे ३ वर्षांत १७२ होतात. ते नव्या खताचे मुद्दल. आणखी ३ वर्षांनी २९६. असे चार वेळा खत बदलले की १२ वर्षांनी ८७५ रुपये. साध्या व्याजाने ३८८ झाले असते, दामदुपटीने २००. खताखाली निशाणी करणाऱ्याला वाचता येत नसे, आणि कीर्द-खतावणी सावकाराच्या घरी. कोर्टात जायला रयतेजवळ ना पैसा ना धीर, म्हणून बहुतेक दावे एकतर्फी निकाली निघत.

हे वाचताना मला माझे कार्डाचे बिल आठवले. त्यावर 'किमान देय रक्कम' असा एक आकडा असतो. तेवढी भरली की महिना निभावतो, उरलेल्यावर व्याज चढते आणि पुढच्या महिन्यात त्या व्याजावरही व्याज. दरमहा ३ टक्के म्हटले तरी चक्रवाढीने वर्षाला साडेबेचाळीस होतात. सुप्याच्या रयतेचे खत ३ वर्षांनी बदलत होते, माझे दर महिन्याला.

त्या काळी साहेबापासून गावातल्या शहाण्यापर्यंत सगळ्यांचे एक मत होते की, शेतकरी लग्नकार्यात पैसे उधळतो म्हणून बुडतो. 'ऋण काढून सण' ही म्हण आपल्या तोंडी आहेच. आयोगाने मात्र या कारणाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे, असे नोंदवले. लग्ने क्वचित येतात. कर्ज फुगते ते पोटाला धान्य, बियाणे, बैल, सरकारचा सारा अशा पुन:पुन्हा येणाऱ्या लहान रकमांनी. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते ६५, कापसाला भाव आला आणि सावकाराने सढळ हाताने पैसा दिला. युद्ध संपले, भाव उतरले. त्यातच फेरआकारणीत सारा वाढला, आणि या लहान रकमांचा डोंगर झाला.

१८७९ साली 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट' झाला. तो आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. खताच्या मागे जाऊन व्यवहार मुळापासून तपासण्याचा, मुद्दल आणि व्याज वेगळे काढण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. मला सर्वांत मोलाची वाटतात ती त्यातली तीन साधी कलमे. फेडलेल्या रकमेची लेखी पावती, वर्षाकाठी हिशेबाचा उतारा आणि मागितल्यास पासबुक. हे सारे ऋणकोचे हक्क ठरले. कायद्याला पळवाटा निघाल्याच. गहाणखताऐवजी सावकार खरेदीखत लिहून घेऊ लागले, आणि गरजेला कर्ज मिळणेही अवघड झाले. तरी हिशेबाची एक प्रत ऋणकोच्या घरी असली पाहिजे, हे कायद्याने प्रथमच मान्य केले होते.

त्या वर्षी पाडव्याला बायकोने मला ओवाळले. ताटात ठेवायला माझ्याजवळ कार्डावरून उचललेले दोन हजार होते. मला ते ठेववेनात. तिथेच सगळे सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग मुलीची अर्धी कोरी राहिलेली शाळेची वही घेऊन आली, तारीख घातली आणि म्हणाली, "कोणाचे किती, सांगा." माझ्या मनात तीनेक लाख होते. बेरीज ४ लाख १८ हजार निघाली. सहा महिन्यांची बिले पुढ्यात घेतली तेव्हा आयोगाचेच म्हणणे समोर आले. मोठी खरेदी एखाददुसरी. बाकी किराणा, पेट्रोल, औषधे, फोन.

तिने दोन बांगड्या काढून दिल्या. मी म्हणालो, गहाण ठेवू. ती म्हणाली, "नको, मोडू या. गहाण म्हणजे आणखी एक खत." त्यातून जास्त व्याजाचे कार्ड पहिले फेडले, दोन्ही कार्डे कात्रीने कापली. मित्राला महिन्याला हजार द्यायचे कबूल केले आणि ते चुकवले नाहीत. दर रविवारी वही उघडायची, मुद्दल एका रकान्यात, व्याज दुसऱ्यात, पावती टाचणीने लावायची. पहिले काही महिने त्या वहीकडे पाहवत नसे. सगळे फिटायला ४१ महिने लागले. बांगड्या अजून झालेल्या नाहीत, हेही त्याच वहीत लिहिलेले आहे.

सुप्याच्या लोकांनी कागद जाळले ते मला समजते. माझ्या हातातही कात्री होतीच. पण कार्ड कापल्याने कर्ज गेले नाही, ते वहीतल्या रकान्यांतून हळूहळू गेले. त्या लोकांना असा रकाना कोणी दाखवलाच नव्हता.

आता लक्ष्मीपूजनाला आमच्या पाटावर एक वही असते, शाळेचीच, दोनशे पानी. हळदकुंकू बायको वाहते, पहिल्या पानावर 'श्री' मी लिहितो. दुसऱ्या पानावर गेल्या वर्षाची बाकी असते. ती वाचूनच आम्ही फराळाला बसतो.