पाठवायचं तर बोलवायचंही



अभ्यासदौऱ्यावर जायचं म्हटलं की गटातल्या सगळ्या जणी तयार असतात. पण दुसऱ्या तालुक्यातल्या चाळीस जणी आपल्या गावी मुक्कामाला येणार असं कळलं, की बैठकीत जरा शांतता पसरते. मग हळूच कुणीतरी विचारतं, भाकरी कोण थापणार? आज आम्ही एका संस्थेचा इतिहास सांगणार आहोत. तिच्यापुढेही हाच प्रश्न होता, फक्त तो साठाहून जास्त देशांत पसरलेला होता.

या संस्थेचं आजचं नाव सीआयएसव्ही. मूळ इंग्रजी नाव मराठीत सांगायचं तर ‘मुलांची आंतरराष्ट्रीय उन्हाळी गावं’. त्यांच्या मुख्य शिबिराला ते अजूनही ‘गाव’च म्हणतात. आम्हाला हा शब्द फार आवडला. चार आठवड्यांसाठी वसायचं आणि मग उठून जायचं, असं हे गाव.

ही कल्पना डोरिस ट्विचेल ॲलन यांची. त्या अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात राहत आणि मानसशास्त्र शिकवत. दुसरं महायुद्ध 1945 मध्ये संपलं. पुन्हा असं होऊ नये म्हणून जगभरची विद्वान माणसं एकत्र आणावीत, अशी चर्चा तेव्हा चालू होती. डोरिसबाईंना वाटलं, मोठ्यांची मनं एकदा घट्ट झाली की वळत नाहीत, सुरुवात मुलांपासून करायला हवी. कोणत्या वयाच्या? त्यांनी अकरा हे वय धरलं. अकरा वर्षांचं मूल आईला सोडून महिनाभर राहू शकतं, आपल्या घरचं, आपल्या देशाचं चार गोष्टींत सांगू शकतं, आणि परक्याबद्दलची अढी अजून त्याच्या मनात पक्की झालेली नसते.

विचार सुचला 1946 मध्ये. पहिलं गाव वसलं 1951 मध्ये, सिनसिनाटीला. मधली पाच वर्षं बाईंनी माणसं आणि पैसा जमवण्यात घातली. त्या गावात जर्मनीची मुलं होती, तशी फ्रान्स, नॉर्वे आणि इंग्लंडचीही होती. जरा हिशेब करा. 1951 मध्ये अकरा वर्षांचं असलेलं मूल 1940 च्या आसपास जन्मलेलं. जर्मन फौजा नॉर्वेत आणि फ्रान्समध्ये घुसल्या ते हेच वर्ष. त्या फ्रेंच मुलाच्या आईने आपलं लेकरू जर्मन मुलांबरोबर एका खोलीत झोपायला पाठवलं. डोरिसबाईंचं नाव सगळे घेतात आणि घ्यायलाच हवं, पण आम्हाला त्या आयांचंही कौतुक वाटतं.

आता पुढची अडचण. पहिलं गाव चांगलं झालं आणि मुलं पाठवायला देश पुढे येऊ लागले. दर वर्षी सगळ्यांना बोलवायचं कुणी? एकाच शहराने किती वेळा पंगत घालायची? एका गावात साधारण दहा-बारा देशांचे गट येतात. प्रत्येक गटात दोन मुली, दोन मुलगे आणि त्यांना सांभाळणारं एक मोठं माणूस. शिवाय सोळा-सतरा वर्षांची काही मदतनीस मुलं आणि यजमान शहरातले कार्यकर्ते. ही झाली सत्तरच्या आसपास माणसं. आता आपल्या भाषेत हिशेब करू. सत्तर पानं, दिवसातून तीन वेळा, 28 दिवस. म्हणजे 5,880 पानं. मधलं खाणं वेगळं. त्यात कुणी डुकराचं मांस खात नाही, कुणी मांसच खात नाही, कुणाला शेंगदाण्याचा त्रास. आणि शिबिर चालवणारे कार्यकर्ते बहुतेक बिनपगारी, आपापली नोकरी, घर सांभाळून राबणारे.

म्हणून या संस्थेत हळूहळू एक शिस्त रुजली. जो देश मुलं पाठवतो, त्याने मुलं बोलवायचीही. जितकं पाठवणं, त्या मानाने यजमानपण. आणि कुणी कधी बोलवायचं ते काही वर्षं आधीच ठरवायचं. आपल्याकडच्या भिशीत जसा कुणाचा नंबर कधी ते आधी माहीत असतं, तसंच. प्रत्येक देशाची संघटना आपल्या शहरांतल्या शाखांना विचारते, तुम्ही कधी उभ्या राहाल? यंदा ज्या शाखेने गाव वसवलं, तिला लगेच पुढच्या वर्षी सांगता येत नाही. माणसं थकलेली असतात, गाठीचा पैसा संपलेला असतो.

इतकं आधी कशाला, असं वाटेल. पण कामं मागून मोजत या. जागा लागते, बहुतेकदा सुट्टीत रिकामी असलेली शाळा, तिथे मोठं स्वयंपाकघर हवं, निजायला खोल्या हव्यात. अशी शाळा आदल्या महिन्यात मागून मिळत नाही. कोणत्या गावात कोणते देश येणार, ही वाटणी वरून होते, म्हणजे शेजारशेजारचेच देश एकत्र येत नाहीत. आपल्या नावाचं आमंत्रण कुठलं ते कळलं, की मग पाठवणाऱ्या शाखेने मुलं निवडायची, पासपोर्ट काढायचे, व्हिसा काढायचा, आणि बरोबर जाणाऱ्या मोठ्या माणसाला शिकवून तयार करायचं. शिवाय गावातल्या मुलांना मध्ये एखादा शनिवार-रविवार शहरातल्या कुटुंबांत राहायला पाठवतात. ती घरं शोधायची, बघून यायची. या साखळीतली पहिली कडी, म्हणजे यजमान, उशिरा ठरली तर बाकी सगळं कोलमडतं.

साठच्या दशकात संस्थेने अदलाबदलीचा आणखी एक प्रकार सुरू केला, बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. यात शिबिराची जागा लागत नाही. एका देशातली मुलं दुसऱ्या देशातल्या जोडीदार मुलांच्या घरी राहतात, आणि मग ती मुलं यांच्या घरी येतात. इथे पाळी कुणाची हा वादच नाही. ज्या आईने लेक पाठवली, तिनेच पाहुणी सांभाळायची. कागदावर हे ‘कुटुंबाने’ करायचं असतं. कुटुंबात नेमकं कोण करतं, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. स्वयंसेवेचा इतिहास लिहिताना संस्थापकांची नावं आणि सालं येतात, गाद्या-उशा वाळत घालणारीचं नाव कुठेच येत नाही.

एक खटकणारी गोष्टही सांगितली पाहिजे. मूल जिथे जाणार तिथवरचं विमानाचं तिकीट बहुतेक घरच्यांनाच काढावं लागतं. भारतातही या संस्थेच्या शाखा आहेत, त्या मोठ्या शहरांत. शेतमजुराच्या मुलीला या गावाचा रस्ता सोपा नाही. यजमानपणाची पाळी सारखी वाटली, तरी पाहुणं होण्याची ऐपत सारखी वाटली गेलेली नाही, असं आमचं मत आहे.

डोरिसबाई 2002 मध्ये वारल्या. शंभर वर्षांचं आयुष्य त्यांना मिळालं आणि आपण सुरू केलेली पंगत देशोदेशी फिरताना त्यांनी पाहिली. पण त्यांनी धरलेलं ते अकराचं वयच या सगळ्या आखणीतली सगळ्यात अवघड गाठ आहे. मोठ्यांचा मेळावा असेल तर यंदा नाही जमलं, पुढच्या वर्षी करू, असं म्हणता येतं. अकरा वर्षांचं मूल पुढच्या वर्षी बारा वर्षांचं होतं. यजमान मिळाला नाही तर गाव वसत नाही, आणि त्या वर्षीच्या त्या मुलांचं गाव कायमचं जातं.

2020 मध्ये नेमकं तेच घडलं. करोनामुळे त्या उन्हाळ्यातली शिबिरं रद्द करावी लागली. यजमान ठरलेले होते, काही वर्षं आधीपासून तयारी चाललेली होती, मुलांची निवड झालेली होती. शाखांना पुढे कधीतरी पुन्हा पाळी मिळणार होती. मुलांना मात्र अकराव्या वर्षाचं गाव परत मिळणार नव्हतं. त्यांच्यासाठी पुढचे, मोठ्या वयाचे कार्यक्रम उरले. त्यातली जी दोन-तीन वर्षांनी अदलाबदलीसाठी परदेशातल्या एखाद्या घरी गेली असतील, त्यांच्यासाठी तिथे कुणीतरी पुन्हा एक खोली रिकामी केली असेल.