पवित्र जीवन (ख्रिस्ती) : नाशिक परिसरातील परंपरा

देवाच्या कृपेने पापक्षमा मिळालेल्या माणसाचे विचार, वाणी आणि वर्तन हळूहळू ख्रिस्ताच्या स्वभावाशी जुळत जाणे, याला ख्रिस्ती धर्मविचारात पवित्र जीवन आणि त्या घडणीला पवित्रीकरण म्हणतात. प्रॉटेस्टंट पंथांच्या मते पवित्रता हे तारण मिळवण्याचे साधन नसून तारणाचे फळ आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात शिष्यांना मिठाची व प्रकाशाची उपमा दिलेली असल्याने ही पवित्रता जगापासून दूर राहून जपण्याची नसून जगात मिसळून उपयोगी पडण्याची ठरते. अशा जगण्यातून इतरांना ख्रिस्ताची ओळख पटणे म्हणजे साक्ष. मराठी प्रदेशात या साक्षीची कसोटी नाशिक परिसरात दोन अगदी वेगळ्या प्रकारांनी लागलेली दिसते.

पहिला प्रकार शरणपूरचा. चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेने 1832 मध्ये नाशिकला काम सुरू केले आणि 1854 मध्ये विल्यम साल्टर प्राइस यांच्या पुढाकाराने शहराजवळ शरणपूर ही वसाहत उभी राहिली. बाप्तिस्म्यामुळे घर आणि जात सुटलेल्यांना तिथे आसरा मिळे. पुढे गुलामांच्या जहाजांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुलेही तिथे वाढली, लिहायला शिकली, हातचे कसब शिकली. आफ्रिकेत फिरणारे मिशनरी व संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन 1873 मध्ये आजच्या झांबियात वारले, तेव्हा त्यांच्यासोबत असलेल्या शरणपूरला वाढलेल्या मंडळींपैकी जेकब वेनराइट यांनी अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडावर लेख कोरला. त्यानंतर लिव्हिंग्स्टन यांचे जुने सेवक सुसी व चुमा यांच्या नेतृत्वाखाली या तुकडीने त्यांचा मृतदेह कित्येक महिने चालून बागामोयोच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचवला. त्या रानात त्यांच्यावर हुकूम चालवणारा कोणी उरला नव्हता, वाटेतच प्रेत पुरून मोकळे होणे सहज शक्य होते, आणि तरीही त्यांनी अंगीकारलेले काम सोडले नाही. त्यांच्याविषयी जो विश्वास निर्माण झाला त्याचे मूळ या गोष्टीत आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत 18 एप्रिल 1874 रोजी झालेल्या अंत्यविधीत शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये वेनराइट होते. शरणपूरला शिकलेले विल्यम जोन्स यांचे कार्य याहून कमी प्रसिद्ध असले तरी अधिक मोलाचे मानावे लागते. मोंबासाजवळच्या रबई येथे पळून आलेल्या गुलामांना आसरा देणाऱ्या ख्रिस्ती वस्तीचे ते प्रमुख होते, आणि 1888 मध्ये मालकांनी हक्क सांगितल्यावर भरपाई देऊन सुमारे 1,400 जणांची मुक्तता करण्यात आली. ज्याला स्वतःला आसरा मिळाला होता त्याने तो इतरांना दिला.

दुसरा प्रकार लक्ष्मीबाई व नारायण वामन टिळक या दांपत्याचा. लक्ष्मीबाई टिळक (1868–1936) यांचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा, गोखले घराण्यातला, आणि वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याने त्या घरातील साऱ्यांचे जगणे कसे जखडले होते हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात तपशिलाने सांगितले आहे. माणसाचा स्पर्श टाळून राखली जाणारी ही शुद्धता आणि माणसाला जवळ करून वाढणारी पवित्रता यांतील अंतर त्यांना ग्रंथ वाचून नव्हे, तर जगून कळले. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, पुन्हा एकत्र आल्यावरही लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत, आणि जातिभेद माणसानेच केला आहे हा निष्कर्ष त्यांनी 1900 मधील बाप्तिस्म्याच्या आधीच, स्वतःच्या विचाराने काढला. मराठी ख्रिस्ती साहित्यात अंतःकरण बदलण्याचा इतका प्रामाणिक आणि प्रसन्न वृत्तांत दुसरा नाही.

नारायण वामन टिळक (1861–1919) यांचे संस्कृत शिक्षण नाशिकला झाले. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेल्या नव्या करारातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करताना त्यांच्या ध्यानात आले की ज्या समाजाने पावित्र्य तुकारामाच्या निःस्पृहतेत पाहिले, त्याला बंगला, पगार आणि परकी रीत यांच्या आड उभा असलेला उपदेशक साधू वाटणार नाही. हे निदान अचूक होते. मिशनऱ्यांच्या सेवेला ते लागू नव्हते, कारण दुष्काळ व साथींत अनेकांनी जीव धोक्यात घालून काम केले. दोष होता तो अंतराचा, आणि धर्मांतरितांना निराळ्या वसाहतीत ठेवण्याच्या पद्धतीने, ती सुरुवातीला कितीही अपरिहार्य असली तरी, ते अंतर वाढवले. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यास संन्यस्त वृत्तीने राहू लागले आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांची बंधुता सुरू केली. बाप्तिस्म्याची अट न ठेवणे अनेक ख्रिस्ती धुरीणांना मान्य झाले नाही आणि तो आक्षेप क्षुल्लक नव्हता, कारण मंडळीच्या शिस्तीवाचून व्यक्तीची पवित्रता टिकते का, हा जुना प्रश्न त्यामागे होता.

टिळकांच्या निधनाने दरबाराला थोडाच काळ मिळाला, आणि संघटना म्हणून तो मूळ धरू शकला नाही. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे अपुरे राहिलेले काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, आणि टिळकांची भजने ‘उपासनासंगीत’ या संग्रहातून मराठी मंडळ्यांच्या उपासनेत आजही गायली जातात.