ट्रॅक्टरच्या चाकाचे नट आवळताना टॉर्क पान्याचा योग्य वापर

उसाने भरलेली ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकाचा एक नट सैल असेल, तर त्याच्या वाट्याचा भार शेजारच्या नटांवर येतो. चाक किंचित हलू लागते, डिस्कची भोके लांबट होतात आणि एकामागून एक बोल्ट तुटतात. यावर ‘जोर लावून आवळा’ हा उपाय नाही. प्रमाणाबाहेर आवळलेला बोल्ट आधीच ताणलेला असतो आणि तोही खड्ड्यात दगा देतो.

बोल्ट हा एक अतिशय कडक स्प्रिंग समजा. आवळताना तो थोडासा ताणला जातो व त्या ताणामुळे डिस्क हबवर दाबून बसते. टॉर्क पाना मात्र हा ताण मोजत नाही. तो नट फिरवायला लागणारा जोर मोजतो. त्यातील सुमारे ९० टक्के जोर आट्यांमधील व नटाखालील घर्षणातच खर्च होतो. त्यामुळे आट्यांत माती, गंज किंवा रंग असेल, तर पाना ‘टक्’ वाजतो, पण पकड बसलेली नसते. उलट तेल-ग्रीस लावल्यास घर्षण कमी होऊन त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. पुस्तिकेत तेल लावण्यास सांगितले नसेल, तर आटे तारेच्या ब्रशने साफ करून कोरडेच ठेवावेत.

टॉर्कचा आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. पुढच्या व मागच्या चाकांचा वेगळा असतो. एकक नीट पाहावे. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर. समजा २०० न्यूटन-मीटर हवे आहेत. अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकाला त्यासाठी सुमारे ४० किलोचा जोर पुरतो. तेच एक मीटर लांब आडव्या पाइपच्या टोकावर ७० किलोचा माणूस उभा राहिला, तर जवळपास ६९० न्यूटन-मीटर होतात. पाइप घालून आवळण्याची आपल्याकडची सवय बोल्टला किती महाग पडते, ते यावरून कळेल. पंक्चरच्या दुकानातील हवेच्या गनचेही तेच. तिने आवळलेले नट सैल करून पुन्हा पान्याने आवळून घ्यावेत.

चाक जॅकवर असताना नट हाताने बसवावेत, मग समोरासमोरच्या क्रमाने निम्म्या टॉर्कपर्यंत आवळावेत. चाक जमिनीवर टेकवून त्याच क्रमाने पूर्ण टॉर्क द्यावा. पाना मुठीच्या मध्यभागी धरून सावकाश, एकसारखा ओढावा, झटका देऊ नये. ‘टक्’ झाले की थांबावे. खात्रीसाठी आणखी दोन-तीनदा ओढल्यास नट जास्त आवळला जातो.

हा पाना नट सोडवण्यासाठी कधीही वापरू नये. काम झाल्यावर मापपट्टीवरील सर्वांत खालच्या आकड्यावर आणून पेटीत ठेवावा; त्याच्याही खाली उलटा फिरवू नये. टूलबॉक्समध्ये हातोड्यासोबत टाकलेल्या पान्याचा आकडा विश्वासार्ह राहत नाही.

चाक काढून बसवल्यावर पहिल्या काही तासांच्या कामानंतर नट पुन्हा तपासावेत. ‘टक्’ होण्याआधीच नट फिरला, तर तो सैल झाला होता असे समजावे. रोटाव्हेटरच्या पात्यांचे बोल्टही असेच तपासावेत. मात्र त्याआधी पीटीओ व इंजिन बंद करून चावी खिशात ठेवावी आणि यंत्राखाली भक्कम ठोकळे लावावेत.