खुब्याच्या ऑपरेशननंतर बाजेवर पडून राहू नका. दुखणं आटोक्यात ठेवून चालणं हाच खरा इलाज

वाशिम : न्हाणीत पाय घसरला, रात्री लघवीला उठताना तोल गेला किंवा अंगणात गुराचा धक्का लागला, एवढ्यानंही म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडतो. वयानुसार हाडं ठिसूळ झालेली असतात. बायांमध्ये हे प्रमाण जास्त दिसतं. ऑपरेशन होतं, पेशंट घरी येतो आणि घरचे म्हणतात, "आता हाड जुळेपर्यंत हलू नका." नेमकी इथंच चूक होते.

पडल्यावर लगेच काय करावं?

पाय आखूड दिसतो, बाहेरच्या बाजूला वळतो आणि उभं राहता येत नाही, तर खुबा मोडल्याची शक्यता मोठी. उभं करून पाहू नका, चोळू नका, ओढून बसवायला नेऊ नका. १०८ ला फोन करा. बाकी तब्येत ठीक असेल तर ऑपरेशन शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावं. जितका उशीर, तितका धोका वाढतो.

झोपून राहणं घातक का?

पडून राहिल्यानं छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होते, पाठीला-कमरेला जखमा पडतात आणि मांडीची ताकद झपाट्यानं जाते. जगभरातल्या अभ्यासांनुसार खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण चार-पाच जणांमागे एक जण वर्षभरात दगावतो. त्यात अशा दुखण्यांचा मोठा वाटा असतो. म्हणून डॉक्टर बहुतेक पेशंटना दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात. आत रॉड, स्क्रू किंवा नवा गोळा बसवलेला असतो, तो त्यासाठीच. पायावर किती भार टाकायचा, हे मात्र डॉक्टरांनाच विचारा.

दुखणं किती दिवस?

पहिले काही दिवस जास्त दुखतं. पुढच्या दोन ते सहा आठवड्यांत बरंच कमी होतं. चालताना जांघेत किंवा मांडीत ठणका काही महिने राहू शकतो. हाड जुळायला साधारण तीन महिने लागतात, ताकद परत यायला त्याहून जास्त.

- गोळी दुखायला लागल्यावर नाही, तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळेवर द्या. चालण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी दिली तर व्यायाम सोपा जातो.
- मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणू नका. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाची किडनी आणि पोट बिघडू शकतं. बीपी, शुगर असेल तर जास्तच.
- काही गोळ्यांनी शौचाला घट्ट होतं. पाणी, ताक, पालेभाजी द्या.
- ऑपरेशननंतर काही जण रात्री असंबद्ध बोलतात, माणसं ओळखत नाहीत. ही बाहेरची बाधा नाही. डॉक्टरांना सांगा, चष्मा-कानाचं मशीन जवळ ठेवा, ओळखीचं माणूस सोबत बसवा.

घरी काय करायचं?

- जागेपणी तासातासानं पंजे वर-खाली हलवायचे आणि गुडघा दाबून मांडी आवळायची.
- दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं चालायचं.
- काठी ऑपरेशनच्या विरुद्ध हातात धरायची.
- पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.
- गोळा बदलला असेल तर मांडी घालून, उकिडवं बसणं टाळा. कमोड खुर्ची वापरा.
- वरण, उसळ, दूध, अंडी रोज पोटात जाऊ द्या. हाडं मजबूत करण्याचे उपचार आणि व्हिटॅमिन डी याबद्दल डॉक्टरांना विचारा, नाहीतर दुसरा खुबाही मोडू शकतो.
- रात्री दिवा सुरू ठेवा, न्हाणीत धरायला दांडा बसवा, ओलं फडकं आणि सैल चपला काढून टाका.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत घरचे सगळे शेतात जातात आणि म्हातारं माणूस एकटंच राहतं. निघण्याआधी एकदा चालवा, वॉकर, पाणी आणि फोन हाताशी ठेवा. दुपारी शेजारच्यांना डोकावायला सांगा.

लगेच दवाखान्यात कधी?

पिंडरी सुजून दुखणं, अचानक दम लागणं, छातीत दुखणं, ताप, जखमेतून पू, किंवा एकाएकी कळ येऊन पाय आखूड होणं. दम लागला वा छातीत दुखलं तर १०८ ला फोन करा.

खर्चाचं काय?

७० वर्षं पूर्ण झालेल्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचं संरक्षण आहे. त्यासाठी आधार कार्ड लागतं. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती १५५३८८ या क्रमांकावर मिळते. कोणतं ऑपरेशन, कोणत्या रुग्णालयात बसतं, हे भरती होतानाच आरोग्यमित्राला विचारून घ्या.