नजरेवर चालणारा कॅमेरा

मामाच्या कपाटातला कॅनन ईओएस ५ हातात घेतला, तेव्हा आधी फक्त वजन जाणवलं. मग वाचत गेलो. १९९२चा फिल्म कॅमेरा: सेकंदाला ५ फ्रेम, १/८००० शटर, फोकसचे ५ बिंदू. आणि बिंदू निवडायचा चक्क डोळ्यानं!

व्ह्यूफाइंडरमधून इन्फ्रारेड प्रकाश डोळ्यावर पडतो. त्याची डोळ्यावरची चमक आणि बाहुलीची जागा यांवरून प्रोसेसर नजर कुठे आहे ते काढतो. कॅलिब्रेशन ज्याचं त्यानं करायचं. म्हणजे पर्सनलायझेशनच, फक्त डेटा कुठल्या सर्व्हरवर जात नव्हता. (आमच्या धंद्यात हे सांगितलं तर हसतील.)

कॅमेरा उभा धरला की मात्र नजर वाचणं बंद. चष्म्याची काचही आड यायची. १९९८च्या ईओएस ३मध्ये बिंदू ४५ झाले, पण कॅननच्या डिजिटल एसएलआरमध्ये ही सोय आलीच नाही. ती परतली थेट २०२१मध्ये, ईओएस आर३मध्ये.

मामा लग्नांचे फोटो काढायचा. रोलमध्ये ३६ फोटो, आणि चुकलेला कळणार तो धुऊन आल्यावर. "असल्या भानगडीवर भरवसा कसा ठेवलास?" मी विचारलं.

"अरे, अंतरपाट दूर झाल्यावर बटणं चाचपत बसू का?"